कापडी डायपर घेण्याआधी वाळत घालायची दोरी बघा

कापडी डायपर बहुतेक घरांत छाप, रंग आणि कंपनीचं नाव बघून घेतले जातात आणि दोन महिन्यांत कपाटाच्या तळाशी जातात. चौकशी केली तर कारण जवळपास ठरलेलं असतं: धुतलेले वेळेत वाळले नाहीत, ओलसरच वापरले, वास यायला लागला, बाळाच्या जांघा लाल झाल्या. म्हणून या परीक्षणात आम्ही तीन कसोट्या लावल्या आहेत. डायपर किती ओल धरतो, नवजात बाळाच्या अंगावर नीट बसतो का, आणि आपल्या घरातल्या दोरीवर किती वेळात वाळतो. पहिल्या दोन कसोट्यांना उतरलेला डायपर तिसरीत नापास झाला, तर तो घरात टिकत नाही.

पहिले तीन महिने: लंगोट आणि चौकोनी कापड

तीन किलोचं बाळ दिवसभरात मिळून साधारण दीडशे-दोनशे मिली शू करतं, एका वेळी जेमतेम वीस-पंचवीस मिली. त्यात अंगावर पिणारं बाळ जवळपास दर पाजण्यानंतर थोडी पिवळी, पातळ शी करतं. म्हणजे दिवसाला दहा-बारा वेळा बदलणं आलंच. या वयात भरपूर शोषणाऱ्या जाड पॅडचा काही उपयोग नाही, कारण पॅड भरण्याआधीच शीमुळे तो काढावा लागतो. इथे लागतं ते पटकन बदलता येणारं, पटकन धुऊन होणारं आणि पटकन वाळणारं कापड.

या कामात साध्या नाडीच्या लंगोटाला आजही तोड नाही. मलमल किंवा मऊ होजिअरीचा, एक किंवा दोन पदरी लंगोट उन्हात तासाभरात वाळतो, पावसाळ्यात पंख्याखाली तीन-चार तासांत. ओला झाला की लगेच कळतो, हवा खेळती राहते. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर दिवसा दुसरं काही घालूच नये. घेताना तीन गोष्टी पाहा. नाडी गोल दोरीसारखी नको, चपट्या पट्टीची हवी. गोल नाडी कमरेवर रुतते. शिवण बाहेरच्या बाजूला हवी. आणि नव्या कापडाला खळ असते, ती दोन-तीन वेळा धुतल्याशिवाय जात नाही, तोवर लंगोट पाणी शोषत नाही. भडक रंगाचे लंगोट पांढऱ्या कापडाबरोबर ओले करून पाहा. रंग सुटत असेल तर ते बाजूला ठेवा.

लंगोटाची उणीवही उघड आहे. तो शू अडवत नाही, ती थेट दुपट्यावर उतरते, आणि पातळ शी मांडीच्या बाजूने बाहेर येते. दिवसा चालून जातं, पण रात्री दर वेळी दुपटं, चादर, झबलं असं सगळंच बदलावं लागतं. बाळंतिणीच्या झोपेचा त्यात बळी जातो.

यावर आमच्या मते सगळ्यात चांगला आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे साठ सेंटिमीटरचा चौकोनी सुती तुकडा आणि त्यावर जलरोधक कव्हर. विकतचे मलमलचे चौकोन मिळतात, पण घरात वापरून मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर असेल तर त्याचे तुकडे करून कडा दुमडून शिवा. जरीची साडी किंवा टेरिकॉट मिसळलेलं कापड नको. पहिलं टोचतं, दुसरं पाणी शोषत नाही. हे तुकडे एकदा उकळून कडक उन्हात वाळवून ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी, चिकट शी कापडावरून सहज निघत नाही. त्या दिवसांसाठी सर्वांत जुनी बाळोती वापरा आणि खराब झालेली सरळ टाकून द्या.

घडी अशी घाला. चौकोन मधोमध दुमडा, पुन्हा एकदा दुमडा, म्हणजे तीस सेंटिमीटरचा चार पदरी चौकोन तयार होतो. चारही सुटी टोकं एका कोपऱ्यात येतात. त्यातलं फक्त सर्वांत वरचं टोक धरून विरुद्ध बाजूला ओढा, म्हणजे वरचा पदर त्रिकोणी होईल. आता सगळी घडी उलटी करा. बाजूला राहिलेला चौकोनी भाग मधल्या रेषेकडे दोन-तीनदा दुमडत आणा. मध्ये सुमारे दहा सेंटिमीटर रुंदीची जाड पट्टी आणि दोन्ही बाजूंना पातळ पंख असा आकार मिळतो. जाड पट्टी बाळाच्या पायांमधून पुढे घ्या, पंख पुढे आणा, वरून कव्हर लावा. कव्हर घट्ट असलं की पिन लागत नाही. सेफ्टी पिन तर नवजात बाळाला लावूच नका. नाळेचा तुकडा साधारण एक-दोन आठवड्यांत वाळून पडतो, तोवर पट्टीचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूने दुमडून नाळेच्या खाली ठेवा. नाळ ओल्या कापडाखाली झाकली गेली तर वाळायला वेळ लागतो.

शी झाली की हीच घडी पूर्ण उलगडून एकपदरी करता येते. डाग जिथे असेल तिथे थेट हात पोचतो आणि वाळायलाही एकच पदर असतो. शिवलेल्या जाड पॅडमध्ये हे जमत नाही. आतल्या पदरात काय अडकलंय ते दिसतच नाही.

कव्हर चार-पाच पुरे. शू झाली तर आतलं कापड बदलायचं, कव्हर आतून पुसून हवेवर ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच घालायचं. शी लागली तरच धुवायचं. कव्हर घेताना जांघेशी इलॅस्टिकच्या दोन ओळी आहेत का ते पाहा. पातळ शी आतल्या ओळीशी अडते, बाहेर येत नाही. या एका गोष्टीसाठी थोडे पैसे जास्त द्यावे लागले तरी द्या. पिशवीसारखी जुनी प्लॅस्टिकची चड्डी मात्र नको. तिच्यातून हवा जात नाही, घाम साचतो, जांघेत पुरळ येतं.

फ्री साइज म्हणजे नवजात नव्हे

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. डोहाळजेवणाला किंवा बारशाला भेट म्हणून येणारे डायपर बहुधा फ्री साइज, म्हणजे पुढच्या टिचबटणांनी लहान-मोठे करता येणारे असतात. आपल्याकडे बाळाचं जन्मवजन बरेचदा अडीच-तीन किलोंच्या आसपास असतं. मुंबईच्या सुपरबॉटम्सचा उनो हा फ्री साइज डायपर कंपनी स्वतः 5 ते 17 किलोंसाठी सांगते, आणि नवजात बाळासाठी वेगळा लहान आकार देते. हे प्रामाणिक आहे. तीन किलोंपासून तीन वर्षांपर्यंत एकच डायपर चालेल असं ज्या पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यावर आम्ही विश्वास ठेवणार नाही. पुढची टिचबटणं सगळ्यात खालच्या ओळीत लावली तरी तीन किलोच्या बाळाच्या मांडीशी बोटभर फट राहते आणि सगळं तिथूनच वाहतं. बाळ पाच किलोंचं व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर भेट आलेले डायपर नुसते धुऊन ठेवा.

नवजात आकाराचा अख्खा संच विकत घेण्यातही अर्थ नाही. तो तीन महिन्यांत लहान होतो. बाहेर जाताना, डॉक्टरकडे नेताना लागतील म्हणून दोन-तीन घेतले तर ठीक.

पाच किलोंनंतर: पॉकेट, सुटा पॅड, की सगळं एकत्र शिवलेलं

पॉकेट डायपरमध्ये बाहेरचं जलरोधक कापड आणि आतलं कोरडं राहणारं कापड शिवलेलं असतं, मध्ये पॅड खुपसायचा. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मिळतात ते हेच. त्यांच्यासोबत येणारा पॅड बहुधा मायक्रोफायबरचा, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचा असतो. मायक्रोफायबर पाणी झटकन ओढून घेतो पण दाबलं की सोडून देतो. बाळ कडेवर घेतलं, गाडीच्या सीटवर बसवलं की मांडीशी ओल येते ती याच कारणाने. शिवाय हा पॅड बाळाच्या त्वचेला थेट लागता कामा नये, त्वचेतला ओलावाही तो ओढून घेतो आणि ती कोरडी, लालसर होते. स्वस्त पॉकेट घेतलेच असतील तर टाकून देऊ नका. आतला पॅड बदला. घडी घातलेला सुती चौकोन त्यात उत्तम बसतो.

सुट्या पॅडचा प्रकार, म्हणजे कव्हर वेगळं आणि टिचबटणाने लागणारा पॅड वेगळा, आम्हाला सगळ्यात व्यवहार्य वाटतो. पॅड सुटा असल्याने वेगळा वाळतो, कव्हर अर्ध्या तासात वाळतं. सगळं एकत्र शिवलेला डायपर घालायला सर्वांत सोपा. आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या मावशींना काही समजावून सांगावं लागत नाही. पण कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही. वरून कोरडा वाटतो, मधले पदर ओलेच असतात. ज्यांच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र नाही त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रकार घेऊ नये.

पॅडचं कापड काय आहे ते पाकिटावर वाचा. सुती पॅड मध्यम शोषतो, लवकर वाळतो आणि उकळला तरी बिघडत नाही. बांबूचा पॅड, जो प्रत्यक्षात बांबूच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेला धागा (व्हिस्कोस) असतो, जास्त ओल धरतो पण वाळायला सुतीपेक्षा बराच वेळ घेतो. हेंपचा, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा पॅड पातळ असूनही सर्वांत जास्त धरतो, मात्र हळू शोषतो; त्यामुळे तो नेहमी सुती पॅडच्या खाली ठेवायचा. दिवसासाठी सुती, रात्रीसाठी बांबू किंवा हेंप, असा आमचा सल्ला आहे.

जाहिरातीतल्या तासांवर विसंबू नका, घरीच मोजा. पॅड तीन-चार वेळा धुऊन वाळवा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, पाण्यात बुडवून निथळू द्या, पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम वाढले तितके मिली पाणी. बाळ ताशी किलोमागे सुमारे दोन मिली शू करतं असं धरलं, तर आठ किलोच्या बाळाला रात्रीच्या दहा तासांत एकशे साठ मिली होतात. बाळाच्या वजनाखाली दाबला गेलेला पॅड मोजलेल्यापेक्षा बराच कमी धरतो. म्हणून मोजणी त्याच्या दुप्पट आली तर तो पॅड रात्रीला चालेल.

टिचबटण की वेल्क्रो? नवजात बाळाला वेल्क्रो, कारण ते हवं तितकं घट्ट करता येतं. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की ते स्वतःच वेल्क्रो उघडायला शिकतं, तेव्हा टिचबटणं बरी. वेल्क्रो धुताना त्याच्या पट्टीवर बंद करूनच टाका, नाहीतर पॅडचे धागे ओढले जातात.

अंगावर कसा बसावा

इलॅस्टिक मांडीवर नाही, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, जिथे आपल्या चड्डीची कड येते. डायपर लावल्यावर पाय थोडे वर उचलून बोटाने इलॅस्टिक घडीत सारून घ्या. कमरेशी दोन बोटं सहज जावीत. काढल्यावर हलका लालसर वळ दिसला आणि पंधरा-वीस मिनिटांत गेला तर काळजी नाही; तो टिकला तर एक बटण सैल करा. जाड डायपरमुळे बाळाचे पाय फाकतात, चाल बिघडते, ही शंका घरोघरी काढली जाते. डायपर अंगावर असताना नुकत्याच चालू लागलेल्या बाळाची चाल थोडी फाकते, पण त्याने कायमचं काही बिघडतं असं दिसलेलं नाही. मांड्या किंचित फाकलेल्या आणि गुडघे वाकलेले राहणं हे खुब्यासाठी चांगलंच. धोका उलट दोन्ही पाय सरळ करून दुपट्यात करकचून गुंडाळण्यात आहे. त्याने खुब्याचा सांधा निसटण्याचा संभव वाढतो. गुंडाळायचंच तर छातीपाशी, पाय मोकळे सोडून.

गळत असेल तर डायपर फेकण्याआधी ओल कुठे आहे ते पाहा. मांडीशी गळतंय आणि पॅड अर्धा कोरडा आहे, तर बसणं चुकलंय. पॅड पूर्ण भिजलाय, तर बदलायला उशीर झाला किंवा पॅड अपुरा आहे. झबल्याची कड ओली आहे, तर पॅडचा काठ कव्हरबाहेर आला होता. कापड कापडाला लागलं की ओल चढत जाते. आणि शू पॅडवरून तशीच ओघळत असेल, तर पॅडवर थेंबभर पाणी टाका. थेंब मण्यासारखा वर राहिला तर कापडाला तेलकट थर बसला आहे.

हा थर आपल्या घरांत हमखास बसतो, कारण बाळाला रोज तेल लावून मालिश होते. आंघोळीनंतरही तेलाचं बोट फिरवलं जातं, वर डायपर चढतो. आतलं कोरडं राहणारं कापड पॉलिएस्टरचं असतं आणि ते तेल घट्ट धरून ठेवतं. मालिश बंद करायची गरज नाही. मालिशनंतर आंघोळ होईपर्यंत लंगोट वापरा, डायपर आंघोळीनंतरच. आणि जांघेत तेल किंवा झिंकचं मलम लावलंच तर आत एक पातळ मलमलचा तुकडा घाला. थर बसला असेल तर भांडी घासायच्या द्रवसाबणाचे काही थेंब त्या कापडावर हाताने चोळा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवा.

धुणं आणि वाळवणं

सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे वरचं अन्न सुरू होईपर्यंत, अंगावरच्या दुधाची शी पाण्यात विरघळते. पुढे ती घट्ट होते आणि संडासात झटकून मगच डायपर धुवायला टाकावा लागतो. वापरलेले डायपर झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवायची सवय मोडा. दिवसभर साचलेल्या त्या पाण्यात जंतू वाढतात, शूमधल्या युरियाचा अमोनिया होतो आणि डोळ्यांना झोंबणारा तो वास कापडात मुरतो. जलरोधक थरही सैल पडतो. थंड पाण्याने खळबळून जाळीच्या टोपलीत ठेवा आणि चोवीस तासांत धुवा, फार तर अठ्ठेचाळीस. रात्रीचा डायपर सकाळी उठल्याबरोबर खळबळा.

मशिनमध्ये आधी थंड पाण्यात थोड्या पावडरीचं छोटं धुणं, मग चाळीस अंशांवर पूर्ण पावडर घालून लांब धुणं, शेवटी एक जादा खळबळ. ड्रम दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेला असावा. कमी असले तर कपडे एकमेकांवर घासत नाहीत. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडर टाकणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. मळ राहतो आणि त्यानेच पुरळ येतं. पावडर पुरेशी घाला, खळबळ जास्त करा. सॉफ्टनर अजिबात नको. तो धाग्यांवर थर बसवतो आणि कापड शोषणं बंद करतं. शेवटच्या पाण्यात डेटॉल घालायची पद्धत आहे, तीही सोडा. त्याने मळ निघत नाही, आणि कापडात राहिलेला अंश नाजूक त्वचेला झोंबतो.

बोअरचं पाणी असेल आणि ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असेल, तर आणखी एक अडचण येते. अशा जड पाण्यात वडीचा साबण फुटतो आणि पांढरट चिकट साका धाग्यांत बसतो. काही आठवड्यांत लंगोट पापडासारखे कडक होतात. वडी सोडून पावडर घ्या आणि बादलीमागे चमचाभर धुण्याचा सोडा घाला. रिठ्याचं पाणी सौम्य असतं, पण शीचा मळ आणि तेल काढायला ते पुरत नाही.

सुती पॅड आणि लंगोट बिनदिक्कत उकळा, कडक उन्हात टाका, इस्त्री करा. कव्हरला यातलं काही नको. त्याच्या आत पॉलियुरेथेन या लवचीक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. साठ अंशांच्या वरचं पाणी, ब्लीच, इस्त्री किंवा दगडावर ब्रशने घासणं, यातल्या कशानेही तो सुटतो आणि मग कव्हर चाळणीसारखं गळतं. पिरगळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा. इलॅस्टिकची बाजू दोरीवर लटकवू नका, ताणून जाते. शीचा पिवळा डाग राहिला तर पॅड ओला असतानाच उन्हात पसरा, बराचसा फिका होतो.

पावसाळ्यात पॅड मशिनमध्ये जास्तीचे एकदा पिळून घ्या, दोरीवर दोन पॅडमध्ये वितभर अंतर ठेवा, पंखा खालून लावा. पॅड वाळला की नाही हे हाताने कळत नाही. दोन तळव्यांत दाबून गालाला लावा, गार लागला तर अजून ओला आहे. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर बाळोती वाळवायची आणि त्यांना ओव्याची धुरी द्यायची जुनी रीत आहे. ती आता नको. धुराचे कण कापडात राहतात आणि बाळाच्या श्वासात जातात. सुती कापडाला गरम इस्त्री फिरवली की तेच काम होतं.

पुरळ आलं तर आधी डायपर काढून तास-दोन तास उघडं ठेवा आणि बदलण्याचं अंतर कमी करा. शी झाली की क्षणभरही थांबू नका. कापड कितीही कोरडं राहणारं असलं तरी शी त्वचेला चिकटूनच असते. जांघेच्या घडीत गडद लाल चट्टा आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके दिसले तर ते बहुधा बुरशीचं असतं. त्याला घरगुती उपाय नाही, डॉक्टरांचं मलम लागतं. त्या काळात सगळे सुती पॅड उकळा आणि उन्हात वाळवा.

किती घ्यावेत

रोज धुणार असाल तर पहिल्या तीन महिन्यांसाठी दोन डझन लंगोट, दीड डझन चौकोन, चार-पाच नवजात कव्हरं. पाच किलोंनंतर आठ-दहा फ्री साइज कव्हरं, अठरा-वीस सुती पॅड आणि रात्रीसाठी तीन बांबूचे किंवा हेंपचे. एकाच कंपनीचा मोठा संच सवलतीत मिळतो म्हणून सुरुवातीलाच घेऊ नका. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकेक घ्या, बाळाच्या मांडीला कोणता बसतो ते पाहा, मग बाकीचे घ्या. सडपातळ मांड्यांच्या आणि गुबगुबीत मांड्यांच्या बाळांना एकच कव्हर सारखं बसत नाही. प्रवासात आणि बाळ आजारी असताना विकतचे टाकाऊ डायपर वापरले तर त्यात कमीपणा काहीच नाही.

ओळखीतून वापरलेले डायपर मिळत असतील तर जरूर घ्या. कव्हर उजेडापुढे धरा. आतला पापुद्रा फुगलेला, सुटलेला किंवा बारीक भेगा पडलेला दिसला तर नको. इलॅस्टिक ताणून सोडा, झटकन परत यायला हवं. सैल इलॅस्टिक मात्र कोणताही शिंपी थोड्या पैशांत बदलून देतो, तेवढ्यासाठी चांगलं कव्हर सोडू नका. पॅड ओला करून वास घ्या. कोरड्या पॅडला नसलेला अमोनियाचा वास ओला केल्यावर येतो. सुती पॅडचा तो वास एकदा उकळून, कडक उन्हात वाळवून जातो. मायक्रोफायबरचा असेल तर तो पॅड परत द्या आणि फक्त कव्हर ठेवा.